ज्याला ऐकू येतं, त्याचा हिस्सा

ताई,

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं थांबली. शेजाऱ्यांचे डबे धुऊन परत गेले. आता घरात आई, वर्षा आणि मी. पण हातांना अजून चौघांची सवय आहे. परवा वर्षाने चार कप चहा गाळला. मग चौथा कप माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायलो नाही. साय धरेपर्यंत बघत बसलो.

चाळीच्या गणपतीच्या अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं ठरलंय. कमिटीची मुलं माहिती मागायला आली होती. शिक्षण काय, परदेशात हुद्दा काय, एखादा तिकडचा फोटो. देतो म्हटलं आणि दिलं नाही. लालबागच्या चाळीतली मुलगी डेन्मार्कच्या पवनचक्क्यांवर चढायची, एवढं इथल्या मसाल्याच्या दुकानदारांनाही माहीत आहे. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगायचं नाही.

गेल्या आठवड्यात करी रोडच्या पुलावर तू मला दिसलीस. पाठमोरी. खांदे जरा वर ओढलेले, एवढ्या उकाड्यातही दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. मी हाक मारली नाही, नुसता मागे गेलो. पुलाच्या मध्यावर ती बाई थांबली आणि कठड्याकडे तोंड करून उभी राहिली, तू राहायचीस तशी, वारा कुठून येतोय ते गालावर घेत. मी पाच पावलांवर होतो. ती वळली तर कोण असेल याची मला भीती वाटली. तूच असलीस तर काय बोलू, याची त्याहून जास्त. तसाच उलटा फिरलो आणि लांबच्या रस्त्याने घरी आलो.

आपलं शेवटचं बोलणं गच्चीवर झालं. त्याला बोलणं म्हणायचं तर. त्यानंतर आठ दिवस तू होतीस, आणि त्या आठ दिवसांत आपण "चहा ठेवलाय" आणि "आईची गोळी दिली" यापलीकडे गेलो नाही. नवव्या दिवशी भाजी घेताना तू बाजारात कोसळलीस. परळच्या हॉस्पिटलात काचेबाहेर पाच दिवस मी एकच वाक्य तयार करत होतो, तू डोळे उघडलेस की म्हणायचं म्हणून. तू डोळे उघडले नाहीस. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

पहिली पवनचक्की आपण बरोबरच बघितली होती, आठवतं? बाबांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. शिवडीच्या गोदामावर वॉचमनची नोकरी करत होते ते. मे महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा काकाने आपल्याला देवगडच्या सड्यावर, समुद्राकाठच्या कातळी पठारावर, नेलं. समुद्राकडे तोंड करून पवनचक्क्या उभ्या होत्या. काही फिरत होत्या, काही गप्प. मी फिरणाऱ्यांकडे बघत होतो. तू सरळ एका बंद पडलेलीच्या बुंध्याशी गेलीस आणि तिथल्या राखणदाराला विचारलंस, "ही का बंद आहे?"

"बिघाडली."

"मग दुरुस्त का नाही करत?"

"तेचो माणूस येवक व्हयो."

"कुठून?"

"परदेशातसून. डेन्मार्क का कायसा म्हणतत. आमी पण वाट बघतव."

रात्री जेवताना तू बाबांना विचारलंस, "गिरणीतली मशीन बिघडली की कोण यायचं?" बाबा फिटर होते. घास हातात धरून म्हणाले, "आमीच. दुसरो कोण येतलो?" "मग त्या पवनचक्कीला आपण का नाही?" बाबा कितीतरी महिन्यांनी हसले. "जा तर मग तू," म्हणाले.

ते थट्टेत म्हणाले होते. तू गेलीसच. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलास, वर्गात तुम्ही तिघीच मुली. साताऱ्याच्या पठारावर नोकरी लागली तेव्हा कंपनीकडे बायकांच्या मापाचे बूट नव्हते, म्हणून पुढे कापूस कोंबून शिड्या चढलीस. तिथे आलेल्या एका डॅनिश इंजिनियरने तुला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बोलावलं. सहा महिन्यांची तू वीस वर्षं राहिलीस. माझ्या आणि वर्षाच्या लग्नाला आलीस. बाबांना आजारपणात बघून गेलीस, पण ते गेले तेव्हा पोचू शकली नाहीस.

दर रविवारी तुझा फोन यायचा. मी सबस्टेशनवर नोकरीला, म्हणजे वीज पोचवणारा. तू वीज करणारी. त्यामुळे आपलं बोलणं जुळायचं. नाहीतर पाच वर्षांच्या अंतराने मोठी झालेली बहीण आणि धाकटा भाऊ एवढा वेळ काय बोलणार? तू त्या देशाच्या गोष्टी सांगायचीस. सपाट, छोटा, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि पश्चिमेकडून सतत वारा. कोळसा नाही, डोंगर नाहीत, धरणं नाहीत. जगात तेल महागलं तेव्हा तिथे रविवारी गाड्या चालवायलाच बंदी झाली होती. लोक रिकाम्या हमरस्त्यावरून सायकलीने फिरले. सरकारच्या डोक्यात अणुवीज होती, पण बऱ्याच लोकांना ती नको होती. मग कुठल्या लोहाराने, कुठल्या सुताराने, कुठल्या मास्तराने आपापल्या शेडमध्ये पवनचक्क्या बनवायला घेतल्या.

असा एक लोहार तुझा शेजारी होता, एरिक. तेव्हाच म्हातारा होता. त्याच्या स्वयंपाकघरात बसून तू कॉफी प्यायचीस आणि तो सांगेल ते आम्हाला सांगायचीस. त्याच्या पहिल्या पवनचक्कीचं पातं वादळात तुटून बिटाच्या शेतात जाऊन पडलं होतं. कोणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते दडवलं नाही. गावाला गोळा केलं, कुठे चुकलो ते चित्र काढून दाखवलं. असे सगळे लोहार-सुतार अधूनमधून एकत्र जमायचे आणि एकमेकांना आपल्या मशीनचे बिघाड सांगायचे. कोणाची किती चालली, कोणाची का मोडली, हे त्यांच्या मासिकात छापून यायचं. त्यातूनच ठरलं की प्रत्येक पवनचक्कीला दोन ब्रेक हवेत, एक फसला तर दुसरा. तू म्हणायचीस, "विनू, हा देश नुसत्या वाऱ्यावर पुढे गेला नाही रे. यांना बिघाड सांगायची लाज वाटली नाही, म्हणून हे पुढे गेले."

आणि ते "लाव". एका रविवारी तू सांगितलंस, गावाने मिळून पवनचक्की घेतली की त्या मंडळाला तिथे लाव म्हणतात. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "लाव? काय लाव? दिवो लाव?" तू इतकी हसलीस की फोनमधून नुसती खरखर यायला लागली. मग म्हणालीस, "हो गे आये, दिवोच लाव." एरिकच्या गावातल्या लावात मास्तरीण होती, दूधवाला होता, चर्चमधला पेटीवाला होता. बाहेरच्याला घेत नसत. पवनचक्की घरातून दिसते, तिचा आवाज रोज ऐकावा लागतो, अशा माणसानेच हिस्सा घ्यायचा. "ज्याला ऐकू येतं, त्याचा हिस्सा," तू म्हणालीस. मग, "गिरणीचा भोंगा आपण सगळ्यांनी ऐकला ना रे? त्यात आपला काय होता?"

मी स्पीकर बंद केला. बाबा आत झोपले होते.

पुढे पवनचक्क्या मोठ्या झाल्या. समुद्रात गेल्या. त्या छोट्या देशाची वादळी दिवशी इतकी वीज व्हायची की शेजाऱ्यांना विकावी लागे. तू बोटीने जायचीस, बोटीतून उडी मारून शिडी पकडायचीस, आणि आम्हाला मात्र "काही नाही रे, लिफ्ट असते" असं सांगायचीस. मोठ्या कंपन्या आल्या. आणि जुन्या, लहान पवनचक्क्या उतरवायचं काम सुरू झालं, कारण जुनी उतरवली तर नवी मोठी उभारायला सोपं जायचं. एरिकच्या गावातलीही उतरवायची ठरली. लावातल्या बऱ्याच जणांनी आपापले हिस्से विकून टाकले होते. उतरवणाऱ्या तुकडीत तुझं नाव निघालं.

ते तू आम्हाला फोनवर सांगितलं नाहीस. आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर सगळं सोडून परत आलीस, त्यानंतर एका दुपारी गॅलरीत सांगितलंस. मांडीवर लॅपटॉप होता. तिकडच्या पात्यांचे फोटो तपासायचं काम तू इथे बसून करायचीस. पांढऱ्या पात्यावरची केसाएवढी भेग शोधायची. खाली मसाल्याच्या दुकानात डंखाच्या मशीनवर मिरच्या कुटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. तू म्हणालीस, "मीच वर चढले. मीच बोल्ट सैल केले. एरिक खाली टोपी हातात घेऊन उभा होता."

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. बोलला नाही काही."

एवढंच सांगितलंस. तुझे डोळे मिरचीने लाल झालेत, असं मी समजलो.

आता भांडणाचं.

चाळीच्या रीडेव्हलपमेंटसाठी मी सहा वर्षं झिजलोय, हे तू बघितलंस. आधीचे दोन बिल्डर येऊन गेले. हा तिसरा. आपण तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि आई हाड मोडल्यापासून खाली उतरलेली नाही. तिला गणपती दाखवायचा तर खुर्चीत बसवून चार माणसांनी न्यावं लागेल, आणि तिला ते नको असतं. मला फक्त लिफ्ट दिसत होती, ताई. मी सेक्रेटरी. सगळ्या चाळीची संमतीपत्रं माझ्याकडे आली, फक्त माझ्याच घरचं राहिलं. खोली आईच्या नावावर, आणि आई म्हणायची, "सुलू सांगात तसा."

तू नाही म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "अख्खा करार मराठीत गॅलरीत वाचून दाखव. प्रत्येक मजल्यावर. गच्ची कोणाची, वर सोलर लावलं तर वीज कोणाची, लिफ्ट बिघडली तर कोणाला विचारायचं, सगळं." मी म्हटलं, वकिलाने वाचलाय. तू म्हणालीस, "गिरणीच्या वेळीही कोणीतरी वाचलंच होतं." मी म्हटलं, वाचून दाखवलं की शंभर तोंडं फुटतील आणि हाही बिल्डर जाईल. "जाऊ दे मग," तू म्हणालीस. तुझं ते शांत "जाऊ दे" माझ्या डोक्यात गेलं.

त्या संध्याकाळी गच्चीवर तोच विषय निघाला. तू टाकीपाशी उभी होतीस, लोअर परळच्या टॉवरांकडे बघत. मी म्हटलं, मुदत संपत आलीय, सही कर म्हणून आईला सांग. तू न वळता म्हणालीस, "वाचून दाखव, मग सांगते." आणि मी बोललो. तुला आठवत असेल नसेल, मी इथे लिहितो, कारण लिहिल्याशिवाय ते जात नाही.

मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्याची पवनचक्की मोडलीस तेव्हा गावाला काय वाचून दाखवलं होतंस? तिथे पगार घेऊन मोडायचं आणि इथे आम्हाला शिकवायचं. तू मोडणारी आहेस, ताई. बांधणारी कधीच नव्हतीस."

तू वळली नाहीस. तुझी मान हलली नाही, काही नाही. मी जिना उतरून खाली आलो. तू बऱ्याच वेळाने आलीस, आईच्या पायाला तेल लावलंस, आणि मला विचारलंस, "जेवलास का?"

तुझ्या जाण्यानंतर काय काय होतंय ते सांगतो. गॅलरीचं दार आम्ही कडी घालून बंद करतो, तुला ते कधी आवडलं नाही. पहाटे बघतो तर उघडं असतं. वर्षा म्हणते, आई उठून उघडते. आई म्हणते, माका चलाक खंय येता? तुझा लॅपटॉप बंद केलेला नाही. झाकण उचललं की एका पात्याचा फोटो येतो, त्यावर तू लाल रंगात गोल केलेला आहे. मी तो मोठा करून बघितला. मला त्या गोलात काहीच दिसत नाही. तू काय बघितलं होतंस तिथे? रोज बघतो. कधीतरी वाटतं, तू मागे उभी आहेस आणि वाट बघत्येस, मला कधी दिसतंय याची.

आणि तुझा फोन. देवाच्या फळीवर ठेवलाय, चार्ज करून. दिवसातून एकदा तरी तो टुंग वाजतो. पडद्यावर त्या भाषेत काहीतरी येतं. वर्षाने तिच्या फोनवरून भाषांतर करून बघितलं. तुझ्या तिकडच्या किनाऱ्याचे हवामानाचे इशारे आहेत. जोराचा वारा, लहान बोटींनी जपून. एवढ्या लांबच्या समुद्रातलं वादळ आमच्या खोलीत येऊन वाजतं आणि आई दचकून तुझ्या कॉटकडे बघते. बंद कर म्हणते. मी करत नाही.

दहा दिवसांपूर्वी तो वेगळा वाजला. फोन येत होता. पडद्यावर नाव होतं, एरिक.

मी उचलला. पलीकडून घोगरा आवाज आला, "सुल्बा?" तुझं नाव तो असं म्हणतो, मला माहीत नव्हतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, मी तिचा भाऊ. मग सांगितलं. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, शब्द शोधून काढलेलं. मला वाटलं त्याला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "कळलं. पहिल्या वेळेलाच कळलं." मग कप खाली ठेवल्याचा आवाज आला. 

मग त्याने विचारलं, "आमच्या गावची पवनचक्की उतरवली, त्या दिवसाबद्दल तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही टोपी काढून उभे होतात."

"आणि मी काय बोललो ते?"

"तुम्ही काही बोलला नाहीत."

 "असं सांगितलं तिने?" म्हणाला. "मी बोललो होतो. ती शिडीवरून उतरली आणि मी तिच्या तोंडावर म्हणालो, ज्याला स्वतःचं गाव नसतं तोच दुसऱ्याचं असं उतरवू शकतो. सगळ्यांसमोर म्हणालो. तिने हेल्मेट काढलं, गाडीत जाऊन बसली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी कॉफीला आली. मी म्हटलं, सुल्बा, त्या दिवशी मी जे बोललो... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, त्या दिवशी वारा फार होता, मला काही ऐकूच आलं नाही." त्याचा श्वास मोठा येत होता. "तुम्ही वीजवाले, तुम्हाला सांगायला नको. वारा असेल तर क्रेन पातं उचलत नाही. त्या कामासाठी सगळे आठ दिवस थांबले होते, वारा पडण्यासाठी. इतकं शांत होतं की मला माझ्या हातातली टोपी चुरगळल्याचं ऐकू येत होतं. पण मी म्हटलं, हो, वारा होता. आणि आम्ही कॉफी घेतली. इतकी वर्षं घेतली. मी माफी मागितली नाही. मागायला तिने जागाच ठेवली नाही."

मी त्याला विचारलं, तिचा शेवटचा फोन कधी आला होता. तू कोसळलीस त्याच्या आधीच्या रविवारी. म्हणजे गच्चीनंतर. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली? तो आठवत राहिला. "म्हणाली की माझा भाऊ आमच्या आईसाठी लिफ्ट आणतोय. सहा वर्षं भांडतोय त्यासाठी. आमच्या बाबांवर गेलाय, म्हणाली."

मला त्याला सांगायचं होतं, ताई. माझंही एक वाक्य आहे, म्हणून. त्याने त्याचं सांगितलं होतं, म्हातारपणी, परक्या भाषेत. माझ्याने नाही सांगवलं. मी "थँक यू" म्हटलं आणि ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी करार वाचला. गॅलरीत खुर्ची टाकून, मोठ्याने, मराठीत, एकेक कलम. पहिल्या मजल्यावर वाचून घसा बसला, तिसऱ्यावर येईपर्यंत दुपार झाली. शंभर तोंडं फुटली, मी म्हटलं होतं तशी. आणि गच्चीचं कलम आलं. वरची गच्ची, तिच्यावर पुढे जे काही बसवलं जाईल ते, सगळं बिल्डरकडे राहणार, राहणाऱ्यांचा त्यावर हक्क नाही. मी ते पूर्वी दोनदा वाचलं होतं. डोळ्यांनी. मोठ्याने वाचल्यावर शेजारचे कांबळेकाका म्हणाले, "म्हणजे आपल्याच डोक्यावर आपण जायचं नाय?" कोणी हसलं नाही.

करार परत पाठवलाय, बदल लिहून. बिल्डरचं उत्तर अजून नाही. तो जाईल, किंवा राहील. आईची लिफ्ट पुन्हा लांबली, हे खरं आहे, आणि ते मला बोचतं. खालच्या मजल्यावरचे दोघंतिघं माझ्याशी बोलत नाहीत. एक जण तोंडावर म्हणाला, "तुझ्या बहिणीचं भूत चढलंय तुला." मी म्हटलं, असेल.

त्या दिवशी मी वाचत असताना आई दारात खुर्चीवर बसून ऐकत होती. सगळे पांगल्यावर मी आत येऊन पाणी प्यायलो. आई म्हणाली, "बरा केलंस." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता, "तेव्हा गच्चीर तुमचा काय झाला होता?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक व्हया? तू खाली इलंस तो तोंड लपवन. ती मागाहून इली. माझ्या पायाक तेल लावी होती तेव्हा मी तिका इचारलंय, गो, विनू काय बोललो तुका?"

मी ग्लास तसाच हातात धरून उभा राहिलो. आत फळीवर तुझा फोन, कॉटवर तुझी घडी केलेली चादर, आणि मधे आई.

"ती म्हणता कशी," आई म्हणाली, "वारो इतको होतो गे आये, तो काय बोललो ता माका आयकाकच इला नाय."

मी ग्लास खाली ठेवला.

आई गच्चीवर गेल्याला कित्येक वर्षं झाली. तिथे काय असतं, काय नसतं, तिला आता आमच्याकडूनच कळायचं. तिने माझ्याकडे बघितलं. "खराच रे? इतको वारो होतो?"

"होता, आई," मी म्हणालो. "खूप होता."

त्या संध्याकाळी, ताई, सबंध गच्चीवर कपडे वाळत होते, आणि त्यातला साधा एक रुमालसुद्धा हलत नव्हता.